बांधणारे सैनिक : ‘सीबीज’ पथकांची कहाणी

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधावयास काढले म्हणजे गवंडी मिळाला तर सुतार मिळत नाही, सुतार आला तर लाकूड येत नाही, आणि सारे जमून आले तर नेमका पाऊस येतो. हा अनुभव ज्याने एकदा घेतला आहे त्यास या म्हणीचा अर्थ निराळा सांगावयास नको. आता हेच काम घरापासून हजारो मैलांवरच्या एखाद्या बेटावर करावयाचे आहे, तेथे पिण्याचे पाणीही बरोबर न्यावयाचे आहे, वरून बाँब पडत आहेत, आणि काम पावसाळ्यापूर्वी नव्हे तर उद्या उजाडण्यापूर्वी संपवावयाचे आहे, अशी कल्पना वाचकांनी करावी. दुसऱ्या महायुद्धात अशी कामे करण्यासाठीच अमेरिकेच्या नौदलाने एक निराळे दल उभारले. त्यातील माणसे ‘सीबीज’ या नावाने जगभर ओळखली गेली. या खेपेस आपण त्यांची कहाणी पाहू.

युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे असतात, जहाजांची व विमानांची वर्णने असतात. परंतु विमान उतरण्यास धावपट्टी लागते, जहाजास धक्का लागतो, जखमी सैनिकास रुग्णालयाचे छप्पर लागते. या गोष्टी कोणी तरी खपून बांधलेल्या असतात. त्या बांधणाऱ्यांस सैनिक म्हणावयाचे की मजूर, हा प्रश्न वरवर पाहता शब्दांचा वाटतो. वस्तुतः तो कित्येक माणसांच्या जीवन-मरणाचा ठरला.

वेक बेटावरील कामगार

1941 पर्यंत अमेरिकन नौदल आपले परदेशांतील तळ खाजगी ठेकेदारांकडून बांधून घेत असे. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर वेक नावाचे एक चिमुकले प्रवाळबेट आहे. त्यावर विमानतळ व पाणबुड्यांचा तळ बांधण्याचे काम चालू होते आणि त्यासाठी 1,100 हून अधिक नागरी कामगार तेथे राहत होते. सुतार, गवंडी, यंत्रचालक, आचारी, कारकून अशी ही माणसे पगारासाठी आली होती. बहुतेकांची बायकामुले मागे अमेरिकेत होती.

डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरच्या हल्ल्यापाठोपाठ जपानने वेकवरही हल्ला चढविला. बेटावर सैनिक होते जेमतेम पाचशे. कामगारांपुढे मोठा पेच पडला. युद्धाच्या नियमांप्रमाणे नागरिकाने शस्त्र उचलले व तो पकडला गेला, तर त्यास युद्धकैद्याचे संरक्षण मिळेलच असे नाही. शत्रू त्यास बेकायदेशीर बंडखोर ठरवून ठार करू शकतो. तरीही कित्येक कामगारांनी सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून तोफांना दारूगोळा पुरविला, काहींनी प्रत्यक्ष बंदुका हाती घेतल्या. 23 डिसेंबर 1941 रोजी वेक पडले. बहुतेकांस चीन व जपानमधील कैदी छावण्यांत नेण्यात आले, परंतु काही कामगारांना जपान्यांनी आपल्यासाठी राबविण्यास बेटावरच ठेवून घेतले.

शेवटी तेथे 98 जण उरले होते. ऑक्टोबर 1943 च्या आरंभी अमेरिकन विमानांनी बेटावर जबर हल्ला केला. आता अमेरिकन फौजा उतरणार या भीतीने जपानी सेनाधिकारी साकाइबारा याने 7 ऑक्टोबर रोजी या सर्व कामगारांस गोळ्या घालण्याचा हुकूम दिला. त्यांतून एक माणूस निसटला. त्याने एका खडकावर ‘98’ हा आकडा, अमेरिकन युद्धकैद्यांची आद्याक्षरे व ‘5-10-43’ ही तारीख कोरली. पुढे तोही सापडला व मारला गेला. त्याचे नाव आजवर निश्चित झालेले नाही, पण तो खडक वेकवर अद्याप उभा आहे. साकाइबारास युद्धगुन्ह्याबद्दल 1947 मध्ये फाशी देण्यात आली. वेकच्या संरक्षणात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या या कामगारांस माजी सैनिक म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती 1981 साली, म्हणजे तब्बल चाळीस वर्षांनी!

एका स्थापत्यविशारदाचा आग्रह

त्या वेळी अमेरिकन नौदलाच्या गोद्या व इमारतींच्या खात्याचे प्रमुख होते रिअर ॲडमिरल बेन मोरील. ते नौदल विद्यालयातून आलेले नव्हते. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी स्थापत्यशास्त्राची पदवी घेतली होती आणि सलोह काँक्रीट हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. बांधकाम करणाऱ्या माणसास गणवेश, शस्त्र, शिक्षण आणि सैनिकाचा कायदेशीर दर्जा या चारही गोष्टी मिळाल्या पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. वेक पडल्यानंतर पाचच दिवसांनी, 28 डिसेंबर 1941 रोजी, त्यांनी नौदलाची स्वतःची बांधकाम पथके उभारण्याची परवानगी मागितली. 5 जानेवारी 1942 रोजी ती मिळाली.

लगेच एक घरगुती अडचण उपस्थित झाली. नौदलाच्या नियमांप्रमाणे सैनिकांवर हुकमत चालविण्याचा अधिकार केवळ लढाऊ शाखेच्या अधिकाऱ्यांस होता, इंजिनिअरांस नव्हता. ज्यांना बांधकामाचा गंधही नाही अशांच्या हाताखाली ही पथके द्यावयाची काय? मोरील यांनी आपली बाजू थेट नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांच्यापुढे मांडली आणि 19 मार्च 1942 रोजी हा अधिकार स्थापत्य शाखेच्या अधिकाऱ्यांस मिळवून दिला. पुढे 1946 मध्ये मोरील हे पूर्ण ॲडमिरलच्या पदास पोहोचले. लढाऊ शाखेबाहेरचा अधिकारी त्या पदावर चढण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

‘बांधकाम पथक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे ‘सी’ आणि ‘बी’. ती जोडून उच्चारली की ‘सागरी मधमाशी’ असाही अर्थ निघतो. 5 मार्च 1942 रोजी हे नाव अधिकृत झाले आणि तोच या दलाचा वाढदिवस मानला जातो. ऱ्होड आयलंडमधील क्वॉन्सेट पॉइंट येथील फ्रँक इयाफ्राते नावाच्या एका साध्या नागरी कारकुनाने चिन्ह रेखाटले, तेही मोठे बोलके आहे. डोक्यावर खलाशाची टोपी घातलेली एक संतप्त मधमाशी, तिच्या पुढच्या हातांत बंदूक आणि मागच्या हातांत पाना व हातोडा. ‘आम्ही बांधतो, आम्ही लढतो’ हे तिचे ब्रीद ठरले.

चाळिशीचे शिलेदार

सैन्य म्हटले की विशीतले तरुण आपल्या डोळ्यांपुढे येतात. सीबीजमध्ये आरंभी भरती झाली ती अठरापासून पन्नाशीपर्यंतच्या माणसांची, आणि पहिल्या काळातील त्यांचे सरासरी वय होते 37! धरणे, पूल, महामार्ग व गगनचुंबी इमारती बांधून हात तयार झालेली ही माणसे. साठाहून अधिक व्यवसायांचे जाणकार त्यांत होते. सुतार, लोहार, वीजकाम व नळकाम करणारे, सुरुंग लावणारे, पाणबुडे, यारीचालक, विहिरी खोदणारे, सारेच. काही साठी उलटलेले गृहस्थही वय चोरून आत शिरले म्हणतात. किनाऱ्यावर प्रथम उतरणाऱ्या मरीन सैनिकांत एक विनोद रूढ झाला होता की, सीबीवर कधी हात उगारू नये, तो आपल्यापैकीच एखाद्याचा बाप असावयाचा! डिसेंबर 1942 मध्ये स्वेच्छाभरती बंद होऊन सक्तीच्या भरतीतून माणसे येऊ लागली. तेव्हा मात्र तरुण व नवशिके अधिक झाले आणि त्यांस काम शिकविण्याचा भार या जुन्या कारागिरांवर पडला.

पहिली तुकडी 296 जणांची. ती जानेवारी 1942 मध्ये निघाली व 17 फेब्रुवारी रोजी दक्षिण पॅसिफिकमधील बोरा बोरा बेटावर उतरली. तेथे जहाजांसाठी तेलाच्या टाक्या उभारावयाच्या होत्या. सामान घाईत व विस्कळीत भरलेले, हवी ती अवजारे हाताशी नाहीत, पाऊस व चिखल मात्र भरपूर. तरी टाक्या उभ्या राहिल्या.

खरी कसोटी लागली ती ग्वाडलकॅनाल बेटावर. तेथील अर्धवट धावपट्टी जपान्यांनी आरंभिलेली होती. अमेरिकन सैन्याने ती ऑगस्ट 1942 मध्ये काबीज केली आणि 1 सप्टेंबर रोजी सीबीजचे सहावे पथक तेथे पोहोचले. जपानी विमाने व युद्धनौका त्या पट्टीवर रात्रंदिवस मारा करीत आणि पट्टी तुटली की आकाशातील आपली विमाने निराधार होत. सीबीजनी यावर जो तोडगा काढला तो कोणाही कुशल गृहिणीस पटेल असा होता. कोणत्या वजनाच्या बाँबने किती मोठा खड्डा पडतो हे त्यांनी मोजले, तितकी खडी व वाळू ट्रकांत आधीच भरून ठेवली आणि ते ट्रक पट्टीच्या कडेस आडोशाला उभे केले. भोके पाडलेल्या पोलादी पत्र्यांचे गठ्ठेही मोजून तयार. भोंगा वाजून शत्रूची विमाने गेली रे गेली की माणसे धावत, मोडका पत्रा काढीत, खड्डा भरून चोपीत आणि नवा पत्रा अंथरीत. पाचशे पौंडी बाँबचा खड्डा अशा रीतीने सुमारे 40 मिनिटांत बुजे. पाहुणा दारात येण्यापूर्वीच शिधा मोजून ठेवण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

अशीच दुसरी युक्ती पोलादी पेट्यांची. जॉन लेकॉक या नौदल इंजिनिअराने सिगारच्या रिकाम्या खोक्यांवर प्रयोग करून ती बसविली. सुमारे सात फूट लांब व पाच फूट रुंद अशा पोकळ, पाण्यावर तरंगणाऱ्या पेट्या एकमेकींस जोडल्या की त्यांचा हवा तसा तराफा, धक्का किंवा पूल होई. जुलै 1943 मध्ये सिसिली बेटावर सैन्य उतरले तेव्हा तेथील किनारा उथळ होता व आड वाळूचे दांडे होते, म्हणून जहाजे तेथे लागणार नाहीत असा सर्वांचा समज होता. या पेट्यांच्या तरंगत्या पुलांवरून रणगाडे व ट्रक सरळ किनाऱ्यावर आले. पुढे जून 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरही सीबीज असेच तराफे घेऊन उतरले.

युद्ध संपेपर्यंत सुमारे सव्वातीन लाख माणसे या दलात काम करून गेली. चारशेहून अधिक ठिकाणी त्यांनी बांधकामे केली. एकट्या पॅसिफिक क्षेत्रात 111 मोठ्या धावपट्ट्या, 441 धक्के, 70,000 रुग्णांची सोय होईल इतकी रुग्णालये आणि 15 लाख माणसांची निवासस्थाने त्यांच्या हातून उभी राहिली.

उजेडाबरोबर छाया

आकड्यांनी मन दिपते. परंतु कोणत्याही संस्थेचा इतिहास सांगावयाचा तर तिच्या उजळ बाजूबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

त्या काळी अमेरिकन नौदलात कृष्णवर्णीयांस वेगळे ठेवीत. सीबीजमधील त्यांची पथकेही निराळी होती आणि त्यांवर अधिकारी गोरे. सप्टेंबर 1944 मध्ये पेलेलियूच्या घनघोर लढाईत सतराव्या विशेष पथकातील कृष्णवर्णीय सीबीज जखमींस उचलून आणीत व दारूगोळा घेऊन पुढे जात होते. बंदुकीच्या गोळीस वर्णभेद ठाऊक नसतो. छावणीत मात्र तो होता. चौतिसावे पथक सॉलोमन बेटांवर दीर्घकाळ राबून परतले, तरी बढती मिळे ती गोऱ्यांसच. मार्च 1945 मध्ये कॅलिफोर्नियातील छावणीत या पथकाच्या सुमारे हजार माणसांनी अन्न नाकारले. हातचे काम मात्र त्यांनी थांबविले नाही. आपल्या देशातील वाचकांस या मार्गाची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. त्यांची तक्रार वरपर्यंत गेली व पथकाचा प्रमुख बदलण्यात आला.

दुसरी छाया अधिक गडद आहे. 1944 मध्ये तिनियन बेट हाती येताच सीबीजनी प्रवाळाचा खडक फोडून, दळून व चोपून तेथे प्रत्येकी 8,500 फूट लांबीच्या धावपट्ट्या बांधल्या. उत्तरेकडील एकाच विमानतळावर अशा चार पट्ट्या शेजारी शेजारी होत्या. जगातील सर्वांत मोठा विमानतळ म्हणून तो त्या वेळी ओळखला जाई. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे विमान याच तळावरून उडाले. ज्यांनी ती पट्टी बांधली त्यांस तिचा असा उपयोग होणार हे ठाऊक नव्हते. परंतु बांधणाऱ्याच्या हातांस आपल्या बांधकामाचा पुढचा इतिहास ठरविता येत नाही, ही गोष्ट या उदाहरणाइतकी स्पष्टपणे क्वचितच दिसून येते.

बर्फ, खेडी आणि हिंदी महासागर

युद्ध संपताच दलाची संख्या झपाट्याने घटली आणि 1950 च्या सुमारास सुमारे 3,300 माणसे उरली. त्याच वर्षी कोरियाचे युद्ध पेटले. 15 सप्टेंबर 1950 रोजी इंचॉनच्या किनाऱ्यावर सुमारे तीस फुटांची भरती-ओहोटी असताना सीबीजनी तरंगते पूल लावून दिले. नंतर फिलिपिन्समध्ये क्युबी पॉइंट येथे डोंगर कापून व खाडी भरून त्यांनी विमानतळ बांधला. 1951 पासून सुमारे पाच वर्षे ते काम चालले. 1992 मध्ये अमेरिकेने तो तळ सोडला.

शस्त्राविना केलेले त्यांचे सर्वांत अवघड काम दक्षिण ध्रुवावरचे. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने शास्त्रज्ञांस तेथे राहावयाचे होते. प्रथम डिसेंबर 1955 पासून किनाऱ्यावर मॅक्मर्डो येथे तळ उभारणे सुरू झाले. 6 जानेवारी 1956 रोजी रिचर्ड विल्यम्स हा चालक आपल्या ट्रॅक्टरसह समुद्रावरील बर्फ फुटून खाली गेला. तेथील विमानतळास आज त्याचेच नाव आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस लेफ्टनंट रिचर्ड बॉवर्स यांच्या हाताखालील दोन डझन सीबीज विमानाने ध्रुवावर उतरले. सुमारे 2,800 मीटर उंचीवरची विरळ हवा, उन्हाळ्यातही शून्याखाली उतरलेले तापमान, आणि हातमोजा काढून खिळा ठोकावा तर बोटे गारठावयाची. अशा स्थितीत त्यांनी शास्त्रज्ञांसाठी घरे बांधली, आणि 1957 च्या हिवाळ्यात मनुष्य प्रथमच सहा महिन्यांच्या त्या रात्रीत ध्रुवावर राहिला. 1983-84 मध्ये आपल्या ‘दक्षिण गंगोत्री’ या अंटार्क्टिकावरील पहिल्या केंद्राची उभारणीही भारतीय सेनेच्या जवानांच्या साहाय्यानेच झाली, हे येथे आठवते.

व्हिएतनामच्या युद्धात तेरा-तेरा जणांच्या छोट्या तुकड्या खेड्यांतून विहिरी, रस्ते व शाळा बांधीत हिंडल्या. अशाच एका तुकडीतील यंत्रदुरुस्ती करणारा मार्विन शील्ड्स हा जून 1965 मध्ये डोंग सोआईच्या लढाईत स्वतः जखमी असूनही दुसऱ्या जखमीस उचलून नेत होता. पुढे शत्रूची मशिनगन बंद पाडण्यास तो गेला व मरण पावला. अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला तो एकमेव सीबी होय. घरी त्याची तरुण पत्नी व तान्ही मुलगी होती.

आपल्या दृष्टीने अधिक जवळची हकीकत दिएगो गार्सियाची. कन्याकुमारीच्या दक्षिणेस सुमारे 1,800 किलोमीटरवर हे प्रवाळबेट आहे. मार्च 1971 मध्ये सीबीज तेथे उतरले व पुढे त्यांनी 12,000 फूट लांबीची धावपट्टी बांधली. परंतु ते बेट काही वेकसारखे ओसाड नव्हते. नारळाच्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेले लोक तेथे राहत होते. 1968 ते 1973 या काळात ब्रिटिश सरकारने चागोस द्वीपसमूहातील दीड ते दोन हजार रहिवाशांस घरे सोडावयास लावून मॉरिशस व सेशेल्स येथे नेले. डिसेंबर 1971 मध्ये हिंदी महासागर हा शांततेचा प्रदेश असावा असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी केला, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा द्वीपसमूह मॉरिशसपासून अलग करणे बेकायदेशीर होते असे मत दिले. ज्या हातांनी व्हिएतनामच्या खेड्यांत विहिरी खणल्या, त्याच दलाच्या हातांनी येथे दुसऱ्यांच्या सोडलेल्या गावाशेजारी धावपट्टी घातली!

आपल्या घराशी संबंध

या दूरच्या कहाणीचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्या देशात 7 मे 1960 रोजी सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. तिच्यातील ‘ग्रेफ’ची माणसे हिमालयाच्या खिंडींतून रस्ते खोदतात, बर्फ हटवितात, दरडी उपसतात. ही माणसे नागरी कर्मचारी की सैनिक, हा प्रश्न आपल्याकडेही न्यायालयात गेला, आणि 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रेफ’ हा सेनादलांचा अविभाज्य भाग असल्याचा निर्णय दिला. अशा निर्णयाने मान मिळतो, तशीच शिस्तीची बंधनेही येतात. वेकच्या कामगारांपुढे जो पेच होता, त्याचेच हे शांततेच्या काळातील रूप म्हणावयास हरकत नाही.

सीबीज आजही आहेत. 1972 पासून त्यांत स्त्रियाही दाखल झाल्या. ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना वादळाने मिसिसिपीतील गल्फपोर्ट येथील त्यांच्या स्वतःच्याच तळास झोडपले, तेव्हा तेथील माणसे आपली मोडलेली घरे मागे ठेवून गावाचे रस्ते मोकळे करण्यास बाहेर पडली.

या अंकाचे वाचन आटोपल्यावर घरातील मुलांनी नकाशावर वेक, तिनियन आणि दिएगो गार्सिया ही तीन ठिकाणे शोधून पाहावीत. तिन्ही बेटे इतकी लहान की ती बोटाखाली सहज झाकून जातील. एका बेटावर बांधणाऱ्यांस संरक्षण मिळाले नाही म्हणून ते मारले गेले. दुसऱ्यावर त्यांनी बांधलेल्या पट्टीवरून एका शहराचा संहार निघाला. तिसऱ्यावर त्यांच्या येण्याबरोबर तेथील लोकांचे गाव उठले. मुलांनी याचे कारण विचारले, तर त्यांस हे सांगावे की हातोडा चालविणाऱ्यास मान व आधार देणे हे जसे समाजाचे कर्तव्य, तसेच त्या हातोड्याने काय बांधावयाचे व कोणासाठी, याचा विचार करणे हेही समाजाचेच कर्तव्य आहे. तो भार एकट्या कारागिरावर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही.